डेलावेअरच्या काठावरचे १७७७ : फिलाडेल्फियाभोवतीच्या रणभूमींवर शरदात काय पाहावे

नदीकाठ :

सप्टेंबर लागला की दक्षिण न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या घरांतून एकच प्रश्न येऊ लागतो. आई-वडील सहा महिन्यांसाठी आलेले असतात, नायगारा आणि वॉशिंग्टन पाहून झालेले असते, सफरचंदाच्या बागाही एकदा पुरतात. मग जवळपास इतिहासाचे असे काही आहे का, जिथे दिवसभर जाता येईल? या भागात ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या क्रांतियुद्धाच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या, स्थळांवर कार्यक्रमांची रेलचेल असते आणि बहुतेक लोक त्यांतला हाताला लागेल तो एक निवडून जातात, बंदुकांचे बार ऐकतात, मुलांना तीनकोनी टोपी घेऊन देतात आणि घरी येतात. यात वाईट काहीच नाही, पण मी गेली काही वर्षे जर्मनटाउन, रेड बँक आणि फोर्ट मिफ्लिन ही तीन ठिकाणे याच क्रमाने पाहत आलो आहे आणि तसे पाहिल्यावर ती तीन स्वतंत्र ठिकाणे राहत नाहीत. २०२७च्या शरदात या लढायांना २५० वर्षे होतील आणि तेव्हा गर्दी बरीच असेल, म्हणून हा धागा आताच काढत आहे.

आधी गोष्टीचा सांगाडा सांगतो. ११ सप्टेंबर १७७७ रोजी ब्रँडीवाइनला अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनचा पराभव झाला आणि २६ सप्टेंबरला इंग्रज सेनापती हाउ याच्या फौजा फिलाडेल्फियात शिरल्या. तेव्हाची राजधानी पडली, परंतु नदी मात्र पडली नव्हती. शहराच्या खालच्या अंगाला डेलावेअरच्या पश्चिमेकडील एका चिखलाच्या बेटावर मिफ्लिन, तर समोरच्या न्यू जर्सीच्या काठावर मर्सर असे दोन किल्ले अमेरिकनांच्या हाती होते. या दोहोंमध्ये नदीच्या तळाशी लाकडी ओंडक्यांचे प्रचंड पेटारे दगड भरून बुडवले होते आणि त्यांतून लोखंडी टोके बसवलेली तुळयांची शिंगे प्रवाहाच्या खालच्या दिशेला रोखलेली होती, म्हणजे समुद्राकडून वर येणारे जहाज त्यांवर आपटून तळाशी फाटावे. शहरात बसलेल्या हजारो सैनिकांना धान्य, दारूगोळा आणि कपडे जहाजांतूनच मिळणार होते, त्यामुळे हे दोन किल्ले घेतल्याशिवाय हाउला फिलाडेल्फियात हिवाळा काढणे अवघड होते. पुढचे सगळे या एका अडचणीतून घडले आहे आणि कार्यक्रमाला जाताना एवढे डोक्यात असले तरी पुरे.

जर्मनटाउनची लढाई ४ ऑक्टोबरची आहे आणि तिथला कार्यक्रम साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी क्लाइव्हडन या वाड्याच्या आवारात होतो. आता हा भाग फिलाडेल्फिया शहरातच आहे. पहाटेच्या दाट धुक्यात अमेरिकन फौज इंग्रजांना मागे रेटत आली असता इंग्रज कर्नल मस्ग्रेव्ह हा ४० व्या पलटणीचे शंभर-सव्वाशे लोक घेऊन या दगडी घरात घुसला आणि त्याने दारे-खिडक्या बंद करून घेतल्या. घर सोडून पुढे जावे, असे काही अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. तोफखान्याचा प्रमुख नॉक्स म्हणाला की पाठीशी शत्रूचा किल्ला ठेवून पुढे जाता येत नाही. त्याचे ऐकले गेले आणि तिथेच वेळ गेला. हलक्या तोफांचे गोळे त्या भिंतींना आरपार भेदू शकले नाहीत; तिकडे धुक्यात अमेरिकनांच्या दोन तुकड्यांनी एकमेकींवरच गोळ्या झाडल्या. तुम्ही तिथे गेलात तर नकली लढाई सुरू होण्याआधी तासभर लवकर जा आणि घराच्या दर्शनी भिंतीसमोर उभे राहा. गोळ्यांचे व्रण अजून दिसतात. एक साधे, दोन मजली, नीटनेटके घर एका सकाळपुरते किल्ला झाले म्हणजे नेमके काय झाले, हे त्या भिंतीवरून जितके कळते तितके बंदुकांच्या धुरातून कळत नाही.

रेड बँकची लढाई २२ ऑक्टोबरची, म्हणजे जर्मनटाउननंतर अडीच आठवड्यांनी झाली. तिथला फोर्ट मर्सर हा मातीचा किल्ला होता आणि आज त्याच्या खंदकांच्या फक्त उथळ खुणा उरल्या आहेत, परंतु शेजारचे १७४८चे व्हिटॉल घर उभे आहे. कर्नल फॉन डोनोप सुमारे १२०० हेसियन, म्हणजे इंग्रजांनी भाड्याने आणलेले जर्मन सैनिक, घेऊन चालून आला. किल्ल्यात कर्नल ख्रिस्तोफर ग्रीन याच्या हाताखाली ऱ्होड आयलंडच्या पलटणींतले त्याच्या निम्म्याच्या आसपास लोक होते. इतक्या थोड्या लोकांनी एवढा लांबलचक तट राखता येणार नाही, हे मोदुई द्यु प्लेसी या तरुण फ्रेंच अधिकाऱ्याने आधीच ओळखले होते. त्याने किल्ल्याच्या आत आडवा तट घालून उत्तरेकडचा मोठा भाग रिकामा सोडून दिला. हेसियन त्या रिकाम्या भागात शिरले, किल्ला मिळाला असे समजून त्यांनी जयघोष केला, आणि पुढे पाहतात तो दुसरा तट, त्याच्यापुढे टोकदार फांद्यांचा अडसर आणि वरून बंदुका. त्यांच्याकडे शिड्या नव्हत्या. पाऊण तासाच्या आत सारे संपले. हेसियनांचे साडेतीनशेहून अधिक लोक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले आणि किल्ल्यातले १४ मेले. डोनोप स्वतः जखमी होऊन आठवड्याभरात वारला. दुसऱ्या दिवशी ऑगस्टा हे ६४ तोफांचे इंग्रज जहाज, जे हल्ल्याला मदत करायला येताना गाळात रुतले होते, पेट घेऊन उडाले.

इथला वार्षिक कार्यक्रम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात होतो आणि तिन्हींत मला तो सर्वांत आवडतो, कारण मैदान नदीला लागून आहे आणि पाने पिवळी-तांबडी झालेली असतात. तरीही लढाईचे प्रात्यक्षिक संपल्याबरोबर गाडीकडे धावू नका. त्या खंदकाच्या खुणेपाशी २०२२ साली उत्खननात डझनभर हेसियन सैनिकांचे सांगाडे एकत्र पुरलेले सापडले आणि त्यांच्याबरोबर तिसऱ्या जॉर्जचे १७६६चे एक सोन्याचे गिनी नाणेही मिळाले. कुणा शिपायाने ते जपून ठेवले असणार. विजयाचे कौतुक करणाऱ्या जागेवर हरलेल्यांचा असा खड्डा सापडल्यापासून तिथली सांगण्याची रीत थोडी बदलली आहे, असे मला वाटते.

तिसरे ठिकाण फोर्ट मिफ्लिन. ते नोव्हेंबरचे आहे आणि त्याबद्दल मी शेवटी सविस्तर लिहीन, कारण तिन्हींत कमी लोक तिथेच जातात. तोवर इतरांनी आपापले अनुभव लिहावेत.

अटकेपार :

उत्तम धागा. एक व्यावहारिक सूचना मी स्वतःच्या खर्चाने देत आहे. न्यू जर्सीत रेड बँक नावाचे एक प्रसिद्ध गाव मॉनमथ परगण्यात आहे आणि त्याचा या लढाईशी काहीही संबंध नाही. पहिल्या वर्षी मी गाडीतल्या नकाशावर नुसते ‘रेड बँक’ टाकले आणि सासू-सासऱ्यांना घेऊन तिथल्या बाजारपेठेत जाऊन उभा राहिलो. सासऱ्यांनी शांतपणे विचारले, “किल्ला कुठल्या बाजूला आहे?” खरे रणांगण तिथून गाडीने दीड तासावर, ग्लॉस्टर परगण्यात आहे आणि त्या गावाचे नावच नॅशनल पार्क असे आहे, त्यामुळे गोंधळात आणखी भर पडते, हे रणांगण परगण्याच्या ताब्यातले उद्यान आहे, राष्ट्रीय उद्यान नव्हे. पत्ता टाकताना रणभूमी असे लिहून परगणा तपासून घ्यावा.

वाटेत वेळ असेल तर हॅडनफील्डला थांबावे. डोनोपची फौज हल्ल्याच्या आदल्या रात्री त्याच गावात मुक्कामाला होती, आणि तिथल्या इंडियन किंग या जुन्या खानावळीत त्याच वर्षी न्यू जर्सीच्या विधिमंडळाची बैठक भरली होती. त्या बैठकीत ‘वसाहत’ हा शब्द काढून ‘राज्य’ हा शब्द वापरायचे ठरले. रात्री एका गावात मुक्काम करून सकाळी कूच करणे म्हणजे किती अंतर, हे त्या रस्त्याने गेल्यावर पायांना कळते, गाडीतून गेलो तरीही.

ठासणी :

मी गेली काही वर्षे अशा प्रात्यक्षिकांत शिपाई म्हणून उभा राहतो. तिथे आजही मी एकटाच मराठी असतो, म्हणून आतल्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

आपल्याकडे जुन्या बंदुकांबद्दल बोलताना तोड्याची बंदूक आठवते, पण या युद्धातली बंदूक चापाला गारगोटी बसवलेली होती. चाप सुटला की गारगोटी पोलादी पत्र्यावर घासते, ठिणग्या काल्यातल्या, म्हणजे नळीबाहेरच्या छोट्या वाटीतल्या, चिमूटभर दारूवर पडतात, नळीच्या कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, जाळ आत जातो आणि बार होतो. वजन साडेचार किलोच्या आसपास असते. कागदी काडतुसाचे टोक दातांनी फाडायचे, थोडी दारू काल्यात, उरलेली नळीत. तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढत असे. आम्ही दोन काढले तरी स्वतःवर खूश असतो. प्रात्यक्षिकात गोळी नसते, दारू नळीत नुसती ओततात आणि दारू ठासायचा गज बाहेर काढतच नाहीत, कारण गडबडीत गज नळीत राहिला आणि बार झाला तर तो भाल्यासारखा जाईल. बंदूक समोरच्या माणसावर न रोखता वर रोखायची, हाही नियम असतो. त्यामुळे प्रेक्षकांपैकी कुणी म्हणाले की यांचा नेम फारच वाईट आहे, तर त्यामागचे कारण हे आहे.

लहान मुलांना आणण्याबद्दल : बंदुकांचा आवाज सोसतो, तोफेचा मात्र छातीत जाणवतो. तीन वर्षांखालील मुलांना दोराजवळ न उभे करता मागे ठेवावे आणि कानांवर हात ठेवायला आधी शिकवावे. दुपारी छावणीत स्वयंपाकाच्या चुलीपाशी येऊन प्रश्न विचारावेत. लोकरी कोटात घामाघूम झालेल्या माणसाला प्रश्न विचारला की तो अर्धा तास बोलतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

कुंपणावर :

धागाकर्त्यांचे लेखन आवडले, परंतु क्लाइव्हडनबद्दल एक गोष्ट राहिली आहे आणि ती राहू नये असे वाटते. तो वाडा बेंजामिन चू या न्यायाधीशाचा होता आणि चू कुटुंबाच्या मालकीत गुलाम होते. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे संस्थापक रिचर्ड अ‍ॅलन यांचा जन्म १७६० साली चू यांच्या गुलामीतच झाला होता. ज्या हिरवळीवर स्वातंत्र्यासाठी झालेल्या लढाईची नक्कल होते, ती हिरवळ कुणाच्या कष्टाने राखली जात होती, हा प्रश्न तिथे विचारला गेला पाहिजे. मी गेले होते तेव्हा घराच्या आतल्या फेरीत हा विषय मोकळेपणाने मांडला गेला, पण बाहेर बंदुकांभोवती जी गर्दी होती तिच्यातले फार थोडे लोक आत आले. लढाईचा दिवस पाहायला आलेल्यांनी आतली फेरीही करावी, एवढेच सांगणे आहे.

नदीकाठ :

कुंपणावर, तुमचे म्हणणे मान्य आहे आणि माझ्याकडून ते राहिले, हेही मान्य आहे. मी लढाईच्या भिंतीबद्दल लिहीत बसलो आणि घराच्या आत गेलोच नाही. चू कुटुंबाने १९७२ पर्यंत ते घर आपल्याकडे ठेवले होते, त्यामुळे त्यांची कागदपत्रे मोठ्या प्रमाणात टिकली आहेत आणि त्यांतूनच या गुलामांची नावे बाहेर आली आहेत. व्हिटॉल घराचीही एक अशीच बाजू आहे : ते कुटुंब क्वेकर, म्हणजे युद्धाला धर्माने विरोध असलेले होते, आणि सैन्याने त्यांची फळबाग तोडून तिथे किल्ला उभारला. लढाई चालू असताना अ‍ॅन व्हिटॉल वरच्या मजल्यावर सूत कातत बसल्या होत्या आणि गोळा भिंतीतून आत आल्यावर चरखा उचलून तळघरात गेल्या, अशी आख्यायिका तिथे सांगतात. आख्यायिका म्हणूनच घ्यावी. नंतर त्याच घरात जखमी हेसियनांची शुश्रूषा झाली, ही मात्र नोंद आहे.

पेठेतला :

पुण्यात बसून हा धागा वाचत आहे आणि राहवले नाही म्हणून लिहितो. या कथेतली दोन माणसे पुढे आपल्या इतिहासात येतात, हे कुणी सांगितलेले दिसत नाही.

पहिला कॉर्नवॉलिस. डोनोपचा हल्ला फसल्यावर महिन्याभराने, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरच्या सुमारास, फोर्ट मर्सरवर चालून गेलेला सेनापती तोच होता आणि तो येतो आहे असे कळल्यावर ग्रीनने किल्ला सोडून दिला. याच कॉर्नवॉलिसने १७८१च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउनला शरणागती पत्करली, पुढे गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात टिपूविरुद्ध हरिपंत फडके यांच्या फौजेच्या शेजारी उभा होता. दुसरा मस्ग्रेव्ह. क्लाइव्हडन लढवणाऱ्या याच माणसाने १७८७ साली हिंदुस्थानातील चाकरीसाठी ७६ वी पलटण उभी केली, आणि १८०३च्या सप्टेंबर-नोव्हेंबरात इंग्रज सेनापती लेकच्या हाताखाली अलीगढ, दिल्ली आणि लासवारी येथे शिंद्यांच्या कवायती फौजेशी लढलेली गोरी पलटण ती हीच. दिल्लीची ती लढाई ११ सप्टेंबरची, म्हणजे ब्रँडीवाइनच्याच तारखेची.

शिवाय तुमच्याच नदीवरची एक गंमत : १७८२ साली डेलावेअरमधल्या व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी पेनसिल्व्हेनियाने जे जहाज सज्ज केले, त्याचे नाव हैदर अलीवरून ठेवले होते आणि एप्रिलमध्ये जोशुआ बार्नी या कप्तानाने त्याच जहाजावरून जनरल मंक हे इंग्रजांचे वरचढ जहाज पकडले. १७८० साली नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध हैदर आणि निजाम यांना एकत्र जोडले होते, म्हणजे ते नाव त्या वेळी पुणे दरबारातही मित्राचेच होते. पुढच्या वेळी कुणी प्रात्यक्षिकाला गेलात तर मस्ग्रेव्हची भूमिका करणाऱ्याला लासवारीबद्दल जरूर विचारा.

ठासणी :

पेठेतला, मस्ग्रेव्ह करणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. विचारून इथे कळवतो.

नदीकाठ :

आता मिफ्लिनबद्दल सांगतो. फिलाडेल्फियाच्या विमानतळाला अगदी लागून हा किल्ला आहे. विमाने इतकी खालून जातात की माहिती सांगणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून थांबतो आणि विमान गेल्यावर तिथूनच पुढे सुरू करतो. ऑक्टोबरमध्ये इथे भुतांच्या नावाने रात्रीच्या फेऱ्या असतात आणि त्यांनाच जास्त गर्दी होते. माझे मत विचाराल तर त्या टाळाव्यात आणि नोव्हेंबरच्या मध्यावर, वेढ्याच्या स्मरणाचा शनिवार-रविवार असतो तेव्हा जावे. थंडी असते, वारा नदीवरून येतो आणि पायाखाली ओल असते. त्या जागेला तेच शोभते.

या किल्ल्याचे बांधकाम १७७१ साली जॉन माँट्रेझर या इंग्रज सैन्यातील अभियंत्याने सुरू केले. शत्रू समुद्राकडून जहाजांनी येणार, हे गृहीत धरून नदीकडच्या पूर्व आणि दक्षिण बाजूंना त्याने दगडी तट घातले. पश्चिम आणि उत्तर बाजू पुढे घाईघाईने मातीने आणि मेढेकोटाने बंद करण्यात आल्या. सहा वर्षांनी इंग्रजांनी पश्चिमेकडच्या दलदलीत तोफांचे मोर्चे बांधले, ते बांधणारा अभियंता हाच माँट्रेझर होता. कुठली बाजू कच्ची आहे हे त्याला कुणी सांगण्याची गरज नव्हती. १० नोव्हेंबरपासून भडिमार सुरू झाला. १५ तारखेला भरतीच्या पाण्याबरोबर व्हिजिलंट हे जहाज बेटामागच्या अरुंद खाडीतून आत शिरले आणि तटाच्या इतके जवळ आले की त्याच्या डोलकाठ्यांवरून शिपाई किल्ल्यातल्या माणसांवर नेम धरू लागले. आत असलेल्या चारशेंपैकी निम्म्याहून अधिक मेले किंवा जखमी झाले. रात्री उरलेले लोक बराकींना आग लावून होड्यांतून रेड बँकला गेले आणि निशाण तसेच फडकत ठेवले.

त्या लोकांत जोसेफ प्लम नावाचा, सतरावे वर्ष पूर्ण व्हायला काही दिवस उरलेला मार्टिन आडनावाचा शिपाई होता आणि म्हातारपणी, १८३० साली, त्याने आपल्या आठवणी छापल्या. त्यांतली एक गोष्ट मी दरवर्षी त्या चौकात उभा राहून मुलांना सांगतो. किल्ल्यात ३२ पौंडी गोळ्याची एक तोफ होती, पण तिचे गोळे नव्हते. इंग्रजांकडे मात्र तशीच तोफ होती आणि तिचे गोळे किल्ल्यात येऊन पडत. तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले की असा गोळा आणून देणाऱ्याला घोटभर रम मिळेल. मग वीस-वीस, पन्नास-पन्नास शिपाई उघड्यावर गोळ्याची वाट पाहत उभे राहत आणि तो गडगडत थांबण्याआधीच त्याच्यामागे धावत; साडेचौदा किलोचा तो गोळा लगेच आपल्या तोफेत घालून आल्या वाटेने परत पाठवला जाई. फ्लरी नावाचा फ्रेंच अभियंता रात्री हातात छडी घेऊन, तटाआड शेकोटीशी लपलेल्यांना हुडकून कामाला लावी, हेही त्यानेच लिहिले आहे.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना : आज दिसणाऱ्या इमारती बहुतेक १७९० नंतरच्या पुनर्बांधणीच्या आहेत. १७७७चे जे उरले आहे ते दगडी तटाच्या खालच्या भागात आहे, आणि मागची खाडी भरून गेल्यामुळे हे बेट होते हे आता डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिथल्या माणसाला प्रथम खाडी कुठे होती तेवढे बोटाने दाखवायला सांगावे.

मागच्या नोव्हेंबरात वडिलांना नेले होते. सातारा जिल्ह्यातले सगळे गड त्यांनी पायी पाहिले आहेत आणि कुठल्याही गडावर गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “पाण्याची टाकी कुठे आहेत?” मी तो भाषांतर करून विचारला. माहिती सांगणारे गृहस्थ क्षणभर थांबले, मग म्हणाले की भरती-ओहोटी इथवर येते, तरी इतक्या वर नदीचे पाणी गोडेच असते. त्यामुळे पाणी चारही बाजूंना होते, फक्त ते आणायला गोळ्यांसमोरून जावे लागे. वडिलांनी तटावरून बराच वेळ नदीकडे पाहिले आणि मेढेकोटाच्या बाजूने काठापर्यंत पावले मोजत गेले.

अटकेपार :

किती भरली?

नदीकाठ :

मोजणी मध्येच विमान आल्यामुळे चुकली. यंदा पुन्हा जाणार आहोत.